‘ट्रॅपिंग’ला सापळा, चिमटा की दाटी?

सात रस्ता
विज्ञान प्रदर्शनाच्या फलकासाठी हे वाक्य आहे: ‘लेसरच्या झोताने द्रावणातले रेणू सापळ्यात अडकवून स्फटिक बनवता येतो.’ तपासणाऱ्यांनी ‘सापळ्यात अडकवून’ खोडून ‘प्रकाशचिमट्याने धरून’ केलं. मूळ शब्द ‘ट्रॅपिंग’ आहे. चिमटा चालेल का?

अक्कलकोट रोड
नाही. चिमट्याला दोन पाती लागतात. चादरीतली गाठ उपटायचा चिमटा बघा: दोन्हीकडून दाब, मग पकड. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९७० मध्ये समोरासमोर दोन झोत सोडून कण अडवले, त्याला चिमटा म्हणणं पटलं असतं. १९८६ चा प्रयोग एकाच झोताचा, आणि ‘ऑप्टिकल ट्वीझर्स’, म्हणजे प्रकाशचिमटा, हे नाव चिकटलं नेमकं त्यालाच.

जुळे सोलापूर
याच शोधाला मिळालेल्या २०१८ च्या नोबेलनंतर तेच नाव सर्वत्र आहे, आता पाती मोजून उपयोग नाही. चिमटा हलका वाटत असेल तर ‘प्रकाशसंदंश’ घ्या. सांडशी याच संदंशापासून आली. सुश्रुताच्या यंत्रांत सनिग्रह आणि अनिग्रह असे दोन संदंश आहेत.

सिद्धेश्वर पेठ
सातवीतल्या मुलाला सांडशी कळते, संदंश नाही. आणि इथे धरलं काय जातं ते आधी बघा. १९८६ मध्ये पाण्यात धरलेले कण १० मायक्रोमीटरपासून २५ नॅनोमीटरपर्यंतचे होते. फलकावरच्या प्रयोगात द्रावण ग्लायसीन या अमिनो आम्लाचं असतं, आणि त्याचा रेणू साधारण अर्ध्या नॅनोमीटरचा. इतक्या लहान कणांवरची झोताची ओढ त्रिज्येच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणजे ५० पट लहान रेणूवर ती सव्वा लाख पट कमी. पाण्याच्या धक्क्यांपुढे ती टिकत नाही. एकटा रेणू चिमट्यातही येत नाही आणि सापळ्यातही. ओढले जातात ते रेणूंचे आधीच जमलेले पुंजके. काही निसटतात, पण येणारे जास्त, म्हणून तिथे दाटी होते. ‘दाटवून’ लिहा.

अक्कलकोट रोड
‘दाटवून’ वाचलं की लोकांना ‘आटवून’ वाटेल. लेसरने पाणी उकळून गेलं असं समजतील.

होटगी रोड
ही शंका रास्त आहे, कारण तापणं हीच इथली मुख्य अडचण. या प्रयोगातला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर साधं पाणी शोषतं आणि झोताच्या टोकाशी दर वॅटमागे सुमारे २० अंशांनी तापतं. तापलं की ग्लायसीन जास्त विरघळतं, म्हणजे उलटाच परिणाम. म्हणून जड पाणी (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेलं) घेतात, ते फार कमी तापतं. ग्लायसीन ६० अंशांना पूर्ण विरघळवायचं, सावकाश थंड करून अतिसंपृक्त, म्हणजे एरवी मावेल त्याहून जास्त विरघळलेलं, द्रावण करायचं, काचेवर शे-दीडशे मायक्रोमीटरचा थर पसरायचा आणि वर झाकण ठेवायचं. झाकण नसेल तर थर सुकत जातो, पृष्ठभाग खाली सरकतो आणि झोताचं टोक हवेत राहतं. धूळ पडली तर स्फटिक भलतीकडेच उगवतो. सुमारे एक वॅटचा झोत द्रावण आणि हवा यांच्या सीमेवर आणला की तिथे स्फटिक येतो. मासुहारा आणि सुगियामा या जपानी शास्त्रज्ञांच्या गटाने २००७ मध्ये हे दाखवलं. तोच झोत तळाच्या काचेशी आणला तर स्फटिक येत नाही, दाट द्रवाचा थेंब तयार होतो. म्हणजे दाटी आणि स्फटिक या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीला ‘दाटी’ ठीक, दुसरीला वेगळा शब्द हवा.

जुळे सोलापूर
दुसरीला, म्हणजे स्फटिकाचा पहिला कण जुळण्याला, ‘केंद्रकीकरण’ आहे की.

सिद्धेश्वर पेठ
तूप कणीदार होतं तेव्हा कोणी केंद्रकीकरण म्हणतं का? ‘कणी धरणे’ म्हणा. धरणारा बाहेरचा नाही, द्रावणच कणी धरतं, हे क्रियापदातच आलं.

जुळे सोलापूर
कणी तांदळाची असते, आणि ती तुटून होते. इथे काही तुटत नाही, जुळतं. त्यापेक्षा ‘रवा’.

सिद्धेश्वर पेठ
रवाही गहू दळूनच होतो. तरी तूप रवाळ म्हणतोच ना?

होटगी रोड
मधात साखर धरते, तिथे ‘धरणे’ हेच क्रियापद आहे. नाम कोणतंही घ्या, क्रियापद ठेवा.

सात रस्ता
फलकावर एकच ओळ मावते. सापळा ठेवू की काढू?

अक्कलकोट रोड
सापळा ठेवा. पण ‘कणी’ला माझा विरोध आहे, स्फटिकाला कडा असतात, कणीला नसतात.