मदत हवी आहे: गालाच्या पेशीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीचं ऊर्जाघर) दिसतील का?

नाशिकरोडला नववीला विज्ञान शिकवते. टूथपिकने गालाच्या आतून खरवडून मेथिलीन ब्ल्यू या रंगाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली दाखवलं. केंद्रक निळंशार, बाकी नुसता फिकट पसारा. लगेच एकाने विचारलं, "मॅडम, ऊर्जाघर कुठंय?" तंतुकणिका जेमतेम ०.५ ते १ मायक्रोमीटर जाडीच्या, दाखवणार काय! रंग कमी केला, प्रकाश कमी-जास्त करणारा डायफ्रॅम बारीक केला, फरक शून्य. वस्तुभिंग ४५ पटीचंच, ऑइल इमर्शन (तेलाचा थेंब घालून वापरायचं जास्त पटीचं भिंग) नाही. त्याहून कितीतरी बारीक रायबोसोमची अपेक्षा नाहीच, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. जेनस ग्रीन बी हा रंग जिवंत पेशीतल्या तंतुकणिका रंगवतो, एवढं वाचलंय. व्हिडिओ नकोत, मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. ४५ पटीवर कुणाला त्या खरंच दिसल्या आहेत का? द्रावण किती टक्के घेतलंत, किती मिनिटं थांबलात, आणि छोटी बाटली नाशकात कुठे मिळेल?