मुलांच्या पुस्तकातली जादू आणि आपला विश्वास: तुम्ही वाचू देता का?

पुस्तकवाली
माझी लेक दहा वर्षांची आहे, हॅरी पॉटरचा चौथा भाग वाचतेय. परवा आमच्या चर्चच्या संडे स्कूलच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या) एका टीचरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असली पुस्तकं घरात ठेवणं म्हणजे सैतानाला दार उघडून देणं. मी काही बोलले नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. गंमत म्हणजे त्याच संडे स्कूलच्या कपाटात 'नार्निया' या मुलांच्या कादंबरीमालेचे सातही भाग आहेत, आणि त्यात चेटकीण आहे, मंत्र आहेत, माणसांचे दगड होतात, सगळं आहे. मग ते चालतं आणि हे का नाही? त्याचा लेखक सी. एस. लुईस ख्रिस्ती होता म्हणून? भांडायला नाही विचारत, खरंच समजून घ्यायचंय. माझं मत म्हणाल तर गोष्टीतली जादू गोष्टीतच राहते, पण मी काही शास्त्र शिकलेली नाही.

सरळमार्गी
ताई, बायबलमधलं अनुवाद नावाचं पुस्तक, अध्याय 18, वचन 10 ते 12 उघडा. शकुन बघणं, मंत्रतंत्र, मेलेल्यांना विचारणं, एकेक करून सगळं सांगितलंय आणि परमेश्वराला याचा वीट आहे असं स्पष्ट म्हटलंय. 'गोष्टीत असेल तर चालेल' अशी तळटीप कुठेही नाही. प्रेषितांची कृत्ये 19 पण वाचा, इफिस शहरात नवीन विश्वासात आलेल्यांनी स्वतःच्या जादूच्या पोथ्या आणून सगळ्यांदेखत जाळल्या, किंमत मोजली तर 50,000 चांदीची नाणी निघाली. एवढा पैसा, पण विकून टाकू असं कोणी म्हटलं नाही.

कंदीलवाला
अहो पण त्या पोथ्या म्हणजे प्रत्यक्ष करायचे मंत्रतोडगे होते, लोक ते वापरत होते. विष कसं बनवायचं याची कृती आणि राजाला विष घातल्याची गोष्ट, दोन्ही एकाच टोपलीत टाकणार का तुम्ही? आणि जादूच्या गोष्टी मुलांना नकोतच असतील तर निर्गम 7 पण वगळावं लागेल, मिसरच्या राजाचे, फारोचे, जादूगार तिथे काठ्यांचे साप करून दाखवतात. शौल राजा वेश बदलून रात्री एन-दोरच्या बाईकडे जातो, मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर बोलवायला, ती गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा दोन रात्री झोपलो नव्हतो, कुठल्याही कादंबरीने माझं एवढं केलेलं नाही.

सरळमार्गी
तुम्ही माझंच काम सोपं केलंत. शौलाचं पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी मेला. फारोच्या जादूगारांच्या काठ्या मोशेच्या भावाच्या, अहरोनाच्या काठीने गिळल्या. वाईटाच्या हातात जादू दाखवली तर माझी काहीच तक्रार नाही. पण पॉटरमध्ये नायकच शाळेत जाऊन ती शिकतो, होमवर्क आहे, परीक्षा आहे, मार्क कमी पडले की मुलांनाच वाईट वाटतं. जे करू नका म्हटलंय तेच इतकं गोड करून पुढे ठेवलंय. पुढे पोप झालेल्या कार्डिनल रॅट्झिंगर यांनी 2003 मध्ये पत्रात लिहिलं होतं की हे मोह सूक्ष्म असतात, नकळत आत शिरतात. एवढा विद्वान माणूस उगाच लिहील का?

तिसरंबाक
ते पत्र एका जर्मन लेखिकेला होतं, तिने पॉटरविरोधी पुस्तक पाठवलं त्याची पोच म्हणून. चर्चचा निर्णय वगैरे नव्हता तो.
आणि अनुवादात मनाई नेमकी कशाला आहे बघा ना, देवाला सोडून दुसऱ्या कोणाकडे तरी जाऊन ज्ञान किंवा ताकद मागणं. पॉटरमध्ये कोण कोणाला आवाहन करतं? शाळेत कुठला आत्मा बोलवायला शिकवत नाहीत, कोणाशी करार नाही. जन्मतः काहींचा गळा चांगला असतो तशी ती जादू आहे, असली तर असते नसली तर नसते, शाळेत फक्त रियाज. उलट मेलेल्यांना परत आणण्याचा मोह त्या पुस्तकात धडधडीत धोक्याचा दाखवलाय, शेवटच्या भागात एक जण जादूच्या दगडाच्या जोरावर, जिच्याशी लग्न करायचं होतं त्या मेलेल्या मुलीला परत आणतो आणि त्या दुःखात स्वतःचाच जीव घेतो. म्हणजे एन-दोरचाच धडा झाला की. त्याच भागात हॅरीच्या आईबापाच्या थडग्यावर कोरलंय की शेवटचा शत्रू जो मृत्यू त्याचा नाश होईल, ते बायबलमधलं 1 करिंथ 15:26 आहे. लेखिकेने संदर्भ दिलेला नाही, ज्याला माहीत त्यालाच कळतं. मी तिथे पुस्तक मिटून बसून राहिले होते.

ओसरीवरून
मी ख्रिस्ती नाही, नुसता वाचत होतो, राहवलं नाही म्हणून. बाळ येशूला भेटायला तारा बघत आलेले ते मागी लोक, इंग्रजीतला मॅजिक शब्द त्याच मुळातला ना? आणि तुमचा दानीएल संदेष्टा तर बाबेलच्या ज्योतिष्यांचा आणि जादूगारांचा प्रमुख नेमला होता. तुमच्या ग्रंथातच हे प्रकरण वाटतं तेवढं सरळ दिसत नाही मला.

सरळमार्गी
दानीएलाला स्वप्नाचा अर्थ देवाने सांगितला, मंत्राने नाही. मागी लोक आले आणि नमन करून गेले, मत्तयाने त्यांची विद्या कोणाला शिकवलेली नाही.

बंद_कपाट
मी अशाच घरात वाढलोय जिथे ही पुस्तकं बंद होती. मित्राकडून आणून पांघरुणाखाली टॉर्च लावून सगळी वाचली. मंत्र एकही लक्षात नाही आज, पण आईच्या तोंडावर सराईतपणे खोटं कसं बोलायचं ते त्या दोन वर्षांत पक्कं झालं. सापडलो तेव्हा मार पडला पुस्तकाबद्दल, खोट्याबद्दल कोणी काही विचारलंच नाही.

सरळमार्गी
बंद_कपाट, हे वाचून वाईट वाटलं, खरंच. मारणं चूकच. पण त्यामुळे माझा मुद्दा खोटा ठरत नाही.
नार्नियाचं ताईंनी विचारलंय त्यावर. तिथे फरक आहे असं मला पाळकांनी समजावलं होतं, चांगली मुलं तिथे मंत्र म्हणत नाहीत, जादू असते ती सिंहाची, म्हणजे देवाच्या जागी असलेल्या अस्लानची, नाहीतर चेटकिणीची. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला म्हातारा जादूगार पण माणूस नाहीच, देवदूतासारखा पाठवलेला आहे. माणसाने त्या ताकदीला हात लावायचा नाही ही रेघ दोघांनीही पाळलीय. पॉटरमध्ये ती पुसली गेली.

कंदीलवाला
टोल्किनचं मान्य. त्याने 1953 च्या एका पत्रात स्वतःच लिहिलंय की ही मुळात धार्मिक आणि कॅथलिक कथा आहे. लुईसला विश्वासाकडे आणणाऱ्यांतही तो होता, सप्टेंबर 1931 मध्ये रात्री उशिरापर्यंत फिरत बोलत होते आणि विषय काय तर पुराणकथा, त्यातलं खरं काय. जादूच्या गोष्टींवर बोलता बोलता एक माणूस देवाकडे सरकला, हे इथे विसरून चालणार नाही.
पण लुईसबद्दलची तुमची रेघ चुकलीय दादा. नार्नियातल्या चांगल्या मुलांपैकीच एक, ल्यूसी, मंत्र म्हणते. 'डॉन ट्रेडर' या नार्नियाच्या भागात ती जादूगाराच्या घरात एकटी त्याची पोथी उघडून बसते. सुंदर व्हायचा मंत्र दिसतो, म्हणणारच असते, तेवढ्यात पानावर सिंहाचा चेहरा गुरगुरताना दिसतो म्हणून थांबते. पुढचा म्हणते मात्र, मैत्रिणी मागे काय बोलतात ते ऐकायचा, आणि नको ते ऐकू येतं. मग लपलेलं दिसू लागण्याचा मंत्र म्हणते तर दारात सिंहच उभा. तो तिला कशाबद्दल बोलतो? चोरून ऐकल्याबद्दल. जादूने केलंस काय नि कान लावून केलंस काय, चोरून ऐकणं ते चोरून ऐकणंच, असं म्हणतो. मंत्र म्हटलास का, असं विचारतच नाही.

तिसरंबाक
हा भाग मी विसरलेच होते!! आणि तो तिच्याच मंत्राने दिसू लागतो, हे तर भलतंच आहे.

सरळमार्गी
मी ते पुस्तक वाचलेलं नाही, ऐकीव सांगितलं, चूक झाली. पण बघा, तिथेसुद्धा तिला थांबवणारा कोणीतरी आहे. पॉटरमध्ये तो कोण?

पुस्तकवाली
घरी मी आहे ना. सध्या तरी रोज रात्री एक प्रकरण मीच मोठ्याने वाचते आणि लेक मध्येमध्ये थांबवून मलाच प्रश्न विचारते. त्या टीचरना पण सांगणार आहे की एकदा आमच्याबरोबर बसा, येतील न येतील बघू.

सरळमार्गी
कंदीलवाला, ल्यूसीचं ते कितवं प्रकरण?

कंदीलवाला
दहावं.