मन:शांतीसाठी दहा दिवसांचं मौन: साधना की पळवाट?

नाशिककर
गेल्या आठवड्यात इथे एकाने लिहिलं की स्वत:च्या आत डोकावायला इगतपुरीच्या विपश्यना (बौद्ध परंपरेतलं ध्यान) शिबिराला जाऊन दहा दिवस तोंड बंद करून बसायची गरज नाही, ती संसारातून काढलेली पळवाट आहे. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

तिथला दिवस कसा असतो ते आधी समजून घ्या. पहाटे चारला घंटा, साडेचारला आसनावर. दिवसभरात सुमारे दहा तास बैठक. फोन, वही, पुस्तक, जपमाळ सगळं जमा. आर्य मौन म्हणजे खाणाखुणाही नाहीत. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर उठणाऱ्या संवेदना नुसत्या पाहणं, शिकवतात आणि मग दिवसातून तीनदा तासभर न हलता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. गुडघा पेटतो. त्यातच भावाशी वाटणीवरून झालेलं भांडण शब्दन् शब्द वर येतं. उठता येत नाही, कुणापाशी बोलून मोकळं होता येत नाही. राग आला की माझा जबडा आवळतो आणि छातीत गरम होतं, हे पन्नाशी उलटल्यावर मला तिथे कळलं. आता घरात आवाज चढायच्या आत ते जाणवतं. पळायचंच असेल तर त्याला मोबाईल आहे की घरात.

टाळकरी
दादा, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण माणसांपासून तोडून मिळालेली शांती माणसांत परत आल्यावर टिकते का?

आमच्या वारीत मुक्कामाच्या तळावर समाजआरती असते. पालखीभोवती सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंचावतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकतात, तोड काढतात, मगच आरती. ही रीत मला फार मोलाची वाटते. मनात काही खुपत असेल तर ते चारचौघांत मांडता येतं. तुमच्या भावाचं भांडण तुम्ही श्वासात पाहिलंत, भावाशी बोललात का?

आणि दुसरं. आत्म्याशी जोडून घ्यायचं तर तिथे कसं साधणार? बुद्धाची शिकवण अनात्म, म्हणजे कायमचा आत्मा असं काही नाही. माळ काढून ठेवून, विठ्ठलाचं नाव बाजूला सारून मी कुणाशी जोडला जाणार?

नाशिककर
भावाशी बोललो, शिबिराहून आल्यावरच बोलू शकलो. त्याआधी प्रत्येक वेळी दोघांचा आवाज चढायचा.

अनात्माचं म्हणाल तर बरोबर आहे, तिथे आत्मा आहे असं कुणी सांगत नाही. मला त्याची अडचण वाटली नाही. आत जे चाललंय ते आधी दिसू दे, नाव नंतर देऊ. आणि एकांताचं वावडं वारकऱ्यांना कधीपासून? तुकोबा भामचंद्र आणि भंडारा डोंगरावर एकटे बसत, हे तुम्हीच कीर्तनात सांगता.

संसार सोडल्याचा आरोप तर मुळातच चुकीचा. ही शिबिरं भारतात सुरू करणारे गोएंका गुरुजी ब्रह्मदेशातले व्यापारी, अर्धशिशीने बेजार होऊन 1955 साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ते गुरू स्वत: सरकारी नोकरीत, देशाचे महालेखापाल, कचेरी सांभाळून साधना शिकवणारे. 1969 साली गुरुजी भारतात आले आणि पुढे इगतपुरीचं हे केंद्र, धम्मगिरी, उभं राहिलं. शिबिराला आजही फी नाही, शेवटी इच्छा असेल तर दान.

टाळकरी
तुकोबा डोंगरावर बसले आणि खाली येऊन कीर्तनाला उभे राहिले. माझं म्हणणं त्या खाली येण्याबद्दलच आहे.

मनोमन
समुपदेशनाचं काम करते, म्हणून एकच सांगते. तीव्र नैराश्य, भ्रम किंवा नुकताच मोठा धक्का बसलेल्या माणसाला "जा, दहा दिवस शांत बसून ये" असा सल्ला देऊ नका. अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात, ते लपवू नका. आधार तुटलेल्या मनाला एवढा एकांत झेपेलच असं नाही. गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करून तर मुळीच जाऊ नका.

अपर्णा_डोंबिवली
वर दहा दिवसांची गोष्ट चालली आहे आणि वारीची. दोन्हीकडे निघालेल्या माणसाच्या घरी डबा कोण करतं, हे कुणी विचारलं नाही. मला कीर्तनही आवडतं आणि शांत बसणंही, पण दोन शाळकरी मुलं आणि अंथरुणाला खिळलेले सासरे सोडून मी कुठे जाऊ?

नाशिककर
ताई, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजासुद्धा मिळते. आणि स्त्रियांची सोय तिथे वेगळी, चांगली असते.

अपर्णा_डोंबिवली
रजा कचेरी देईल हो. घरातल्या कामाचं काय? आमच्याकडे आता एवढं ठरलंय: पहाटे साडेपाच ते सहा मला कुणी हाक मारायची नाही. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी नवरा उभा राहतो. मी खिडकीशी बसून नुसता श्वास पाहते. सासऱ्यांचं अंग पुसताना पूर्वी हाताला जी घाई असायची, ती कमी झाली आहे. याला साधना म्हणायचं की नाही?

नाशिककर
सुरुवात म्हणेन. शिबिरानंतरही सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात, आणि त्याची खोली दहा दिवस सलग बसल्याशिवाय येत नाही, या मतावर मी ठाम आहे.

टाळकरी
ताईंचा अर्धा तास पुरेसा आहे. जिचा हात सासऱ्यांच्या अंगावर हलका झाला, तिला अजून कसली खोली हवी?