मदत हवी आहे: एमएस, ओसीटीचा रिपोर्ट आणि बहिणीचा उजवा डोळा

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि नसांवर हल्ला करते तो आजार) आहे. गेल्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याला ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज, झाला. डोळा फिरवला की दुखायचा, लाल रंग विटलेला दिसायचा. स्टिरॉइडनंतर नजर सुधारली, तक्ता ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पण तिन्हीसांजेला पायऱ्यांच्या कडा कळत नाहीत, फिकट छपाई वाचताना उजव्या डोळ्यावर हात ठेवते. "सिक्स बाय सिक्स आहे, काळजी नको" असं सगळीकडे ऐकून तिने आता सांगणंच सोडलंय. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

आता ओसीटी (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचा स्कॅन) झाली. आरएनएफएलची (पडद्यावरच्या नसतंतूंच्या थराची) सरासरी जाडी उजवीकडे ७४ मायक्रॉन, डावीकडे ९३. उजव्या डोळ्यात कानाकडचा भाग लाल, म्हणजे नेहमीपेक्षा पातळ, दाखवलाय. न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळायला अवकाश आहे. ही जुन्या अटॅकची खूण आहे की आजार आतल्या आत चालूच आहे? भेटीत नेमकं काय विचारू?

प्रतिसाद:

ताई, मीही एमएसची पेशंट आहे. डॉक्टर नाही, पण दरवर्षी ओसीटी करते.

न्यूरायटिसच्या वेळी नस सुजलेली असते, तेव्हा हा थर उलट जाड दिसू शकतो. पातळ होतो तो पुढच्या ३ ते ६ महिन्यांत. दोन डोळ्यांत ५-६ मायक्रॉनचा फरकसुद्धा एका बाजूची नस दुखावल्याची खूण धरतात, त्यामुळे तुमचे आकडे जुन्या अटॅकशी जुळतात. आजार चालू आहे का, हे मात्र एका स्कॅनवरून कळत नाही. हा रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढचा स्कॅन त्याच मशीनवर करा. वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

डाव्या डोळ्याकडेही लक्ष असू द्या. एमएसमध्ये अटॅक न येताही थर हळूहळू झिजू शकतो. मायनसचा मोठा नंबर किंवा काचबिंदू असेल तर आधी सांगा, त्यानेही जाडी कमी दिसते. भेटीत गँग्लियन पेशींच्या (ज्यांचे तंतू मिळून ही नस बनते त्या पेशींच्या) थराचे आकडे विचारा आणि लो-कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट अक्षरांच्या, तक्त्यावर नजर तपासून मागा. पायऱ्यांचा त्रास साध्या तक्त्यात दिसत नाही, त्यात दिसतो. बहिणीलाच तो डॉक्टरांना सांगू द्या.

मधे नजर पुन्हा धूसर झाली किंवा डोळा दुखू लागला, तर भेटीची वाट न बघता लगेच फोन करा.