हेपेटायटिस सी आणि लघवीत प्रोटीन, संबंध असतो का?

रानपाखरू:
नमस्कार मंडळी, सासूबाईंच्या (वय 61) पायांना बरेच दिवस सूज आहे, लघवीला फेस येतो आणि नडग्यांवर जांभळे ठिपके उठलेत, दाबले तरी जात नाहीत. रिपोर्ट काढले तर लघवीत अल्बुमिन 3+, क्रिएटिनिन 1.6 आणि अँटी-एचसीव्ही (हेपेटायटिस सी ची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह!! कावीळ कधीच झाली नव्हती, 1994 ला पिशवीच्या ऑपरेशनला रक्त चढवलेलं तेवढंच. आता किडनीची बायोप्सी सांगतायत. आजार लिव्हरचा ना, मग किडनीत सुई कशाला?

टोमॅटोसार:
रक्तातूनच आला असणार, तेव्हा आपल्याकडे रक्तपेढीत सी ची तपासणी सक्तीची नव्हती. आणि हा व्हायरस लिव्हरपुरता राहत नाही हो. शरीर त्याच्याविरुद्ध ज्या अँटीबॉडी बनवतं त्यांचे पुंजके किडनीच्या गाळणीत अडकतात, तिथे सूज येते आणि प्रोटीन गळायला लागतं. ठिपके पण त्यातलेच, बारीक रक्तवाहिन्या सुजतात. सी3, सी4 (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रोटीन) केलंय का? यात सी4 बऱ्याचदा खूप कमी येतं. शुगर आहे का त्यांना? शुगरनेही प्रोटीन जातं, नेमकं कशामुळे जातंय ते बायोप्सीतच कळतं.

लॅबवाली_मावशी:
क्रायोग्लोब्युलिन (गार झालं की गोठणाऱ्या अँटीबॉडी) तपासणी सांगितली तर सॅम्पल घरी द्यायचं नाही, लॅबमध्येच जा. रक्त 37 डिग्रीला गरम ठेवूनच सीरम वेगळं करावं लागतं, वाटेत गार झालं की ते प्रोटीन खाली बसतं आणि रिपोर्ट फुकटच निगेटिव्ह. आणि अँटी-एचसीव्ही म्हणजे कधीतरी संसर्ग झाला एवढंच, आत्ता व्हायरस आहे का ते आरएनए टेस्टच सांगते, ती आधी करा.

रानपाखरू:
शुगर आहे, 8 वर्षं. रक्त पातळ करायची गोळी पण चालूय.

टोमॅटोसार:
मग ती गोळी बायोप्सीआधी डॉक्टरांना सांगाच, स्वतःहून बंद करू नका. सोनोग्राफीत बघून, जागा बधीर करून सुई घालतात, एक रात्र ठेवून घेतात. सी ची औषधं साधारण 12 आठवडे असतात, बहुतेकांचा व्हायरस पूर्ण जातो. सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात, जिल्हा रुग्णालयात विचारा.

कट्टेकरी:
माझ्या भावाचं हेपेटायटिस बी होतं. तिथे आधी स्टिरॉइड दिली तर व्हायरस उसळतो, म्हणून आधी एचबीव्ही डीएनए (रक्तात बी चा व्हायरस किती ते) बघितला आणि अँटीव्हायरल सुरू केलं. त्यातही साधं टेनोफोविर किडनीला झेपत नाही म्हणून एन्टेकाविर दिलं. सासूबाईंची एचबीएसएजी (बी ची रक्ततपासणी) केलीय का?

रानपाखरू:
नाही केली! उद्याच सांगते.