२००३च्या त्या अंतिम सामन्यात पेससमोर असलेली एलेनी डॅनिलिडू कोण?

जुना_पंच
लिअँडर पेसच्या मिश्र दुहेरीतील विजेतेपदांची यादी करताना २००३च्या ऑस्ट्रेलियन ओपनपाशी अडलो. पेस आणि मार्टिना नवरातिलोव्हा यांनी अंतिम सामना ६-४, ७-५ असा जिंकला हे आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. परंतु टॉड वूडब्रिजच्या साथीने समोर उभ्या असलेल्या ग्रीसच्या एलेनी डॅनिलिडूविषयी मला नावापलीकडे काहीच सांगता येईना. तिला एकेरीत १४वे मानांकन होते असे वाचले. मग ग्रँड स्लॅमच्या उपांत्यपूर्व फेरीत तिचे नाव एकदाही का आढळत नाही?

आडवा_फटका
आधी एक दुरुस्ती: मानांकन त्या-त्या स्पर्धेपुरते असते, १४वे स्थान हे जागतिक क्रमवारीतले, आणि तेही २००३मधले.

तिचा जन्म १९८२चा, क्रीट बेटावरील हानिया गावचा. २००२च्या जूनमध्ये नेदरलँड्समधील हिरवळीवरच्या स्पर्धेत अंतिम फेरीत एलेना डेमेंटिएव्हाला हरवून तिने पहिले विजेतेपद मिळवले आणि लगोलग विम्बल्डनची चौथी फेरी गाठली. बहुतेक मुली दोन्ही हातांनी बॅकहँड मारत असताना ती तो एका हाताने खेळत असे. हिरवळीवर चेंडू खाली राहतो, तेथे एका हाताने कापून मारलेला फटका प्रतिस्पर्ध्याला वाकायला लावतो. उलट क्लेकोर्टवर चेंडू खांद्यापर्यंत उसळला की हाच फटका अडचणीत आणतो. एकेरीच्या पाच विजेतेपदांपैकी एकही क्लेकोर्टवर नाही, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

आपण उल्लेखिलेला सामनाही विषम होता. ती २० वर्षांची, तर नवरातिलोव्हा ४६ वर्षांची, आणि ग्रँड स्लॅमच्या सर्व प्रकारांपैकी नेमके ऑस्ट्रेलियातील मिश्र दुहेरीचे विजेतेपदच नवरातिलोव्हाच्या संग्रहात नव्हते. साहजिकच त्या संध्याकाळच्या बातम्यांमध्ये डॅनिलिडूच्या वाट्याला अर्धी ओळ आली असेल, तरी नवल नाही.

सर्व्हिस_लाइन
फटक्याचे विश्लेषण पटले, तरी विजेतेपदांचे वजन थोडे कमी करून मोजावे असे मला वाटते. ऑकलंड २००३ आणि २००४, होबार्ट २००८, अशी पाचांपैकी तीन विजेतेपदे जानेवारीतली, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनच्या तोंडावर होणाऱ्या छोट्या स्पर्धांमधली आहेत, आणि अव्वल खेळाडू त्या काळात अशा ठिकाणी कमीच उतरतात. होबार्टला तर व्हेरा झ्वोनारेव्हाच्या दुखापतीमुळे अंतिम सामना झालाच नाही. पुढे चाल मिळून चषक हाती आला. माझ्या मते तिची खरी कसोटी २००६ साली सोलमध्ये लागली, कारण तेथे आय सुगियामासारख्या चिवट खेळाडूला तिने तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये नमवले. ग्रँड स्लॅमच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र समोरच्या खेळाडू वेगळ्याच दर्जाच्या असतात, आणि तेथे चौथ्या फेरीपुढे तिला जाता आले नाही.

आडवा_फटका
होबार्टबाबत मान्य, परंतु अंतिम फेरीपर्यंतचे सामने तिने जिंकलेच होते, तेव्हा ते विजेतेपद फुकटचे म्हणता येणार नाही. शिवाय पाठीमागे कोणती परंपरा होती तेही पाहावे. तिच्या आधीच्या पिढीतील आंगेलिकी कानेलोपुलू १९८७मध्ये क्रमवारीत ४३व्या स्थानापर्यंत पोहोचल्या होत्या. तेथून १४व्यापर्यंतची मजल डॅनिलिडूने मारली.

जुना_पंच
कानेलोपुलू म्हणजे मारिया सक्कारीच्या आई ना?

आडवा_फटका
होय, त्याच. आणि डॅनिलिडूचा १४व्या स्थानाचा ग्रीक विक्रम मोडून २०२२च्या मार्चमध्ये तिसऱ्या स्थानापर्यंत गेली ती त्यांचीच मुलगी.