पाण्याची म्युझियमं, पाणचक्क्या, विहिरी – पोरांना घेऊन गेलात का? अनुभव लिहा

ओलीचिंब, लंडन
मंडळी, रविवारी धाकट्याला घेऊन क्यू ब्रिजजवळच्या लंडन म्युझियम ऑफ वॉटर अँड स्टीमला गेले होते. 2014 ला ते नूतनीकरण होऊन नव्या नावाने उघडलं, लंडनच्या पाण्याचं नवं दालन आणि बाहेर पोरांना पाण्यात खेळायची जागा केली, तेव्हा थोरलीला नेलं होतं. ती 5 वर्षांची होती. तिने पहिल्या दहा मिनिटांत बूट, मोजे, स्वेटर सगळं भिजवलं, मी जास्तीचे कपडे नेले नव्हते आणि उरलेलं म्युझियम आम्ही तिच्या बाबाचं जॅकेट तिला गुंडाळून बघितलं. या वेळी शहाणी होऊन दोन जोड नेले, तर हा पठ्ठ्या पाण्याकडे फिरकलाच नाही, इंजिनासमोर खिळला.

इंजिन म्हणजे काय राव! 1846 चं, सिलिंडरचा व्यास 90 इंच, म्हणजे साडेसात फूट, नवरा आत आडवा झोपला तरी जागा उरेल. 1838 पासून इथून पश्चिम लंडनला पाणी चढवायचे, वाफेवर शंभरेक वर्षं. सगळं वाचून दाखवल्यावर लेक विचारतो, "आई, मग कोणी नळ सोडला की हे हलायचं का?" मला उत्तर देता आलं नाही धड. टाकी, दाब, उंच मनोरा असं काहीतरी पुटपुटले.

तर तुम्ही कुठे गेलात, पोरांनी काय विचारलं, काय फसलं ते लिहा. म्युझियमच पाहिजे असं नाही.

पेठकर
लेकाला सांगा, बरोबर प्रश्न विचारलास. आमच्याकडे पुण्यात इंजिनच नव्हतं, नुसता उतार. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, जमिनीखालच्या दगडी नळातून, मधे मधे हवा खेळायला उच्छ्वास. काळा हौद, बदामी हौद ही त्याचीच पिल्लं. पुतण्यांना घेऊन हेरिटेज वॉकला गेलो होतो, एका उच्छ्वासापाशी थांबलो तर तो धाकटा म्हणे काका ही तर कचराकुंडी आहे. होतीच. काय बोलणार.

कोकणकन्या, फिलाडेल्फिया
इथे स्कूलकिल नदीच्या काठी फेअरमाउंट वॉटर वर्क्स आहे. 1815 ला वाफेवर सुरू झालं, वाफ महाग पडली आणि धोक्याचीही, म्हणून 1822 पासून नदीला बांध घालून पाणचक्र्यांवर. आम्ही गेलो ते मात्र शिंपल्यांसाठी, तिथे गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची पैदास करतात आणि ती लोकांना बघता येते. शिंपल्या पाणी गाळतात, गढूळ पाणी हळूहळू नितळ होतं. लेक अगदी भारावून ऐकत होती आणि मी मनातल्या मनात खोबरं भाजत होते. घरी येऊन आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "खातत का त्यो?"

ओलीचिंब
कोकणकन्या 😂

कळशीवाली
आम्ही कुठे गेलो नाही, सोसायटीतच 22 मार्चला जलदिनाला मुलांचं प्रदर्शन केलं. पोस्टर-बिस्टर झाली, 'पाणी वाचवा' चं चित्र सतरा जणांनी काढलेलं, त्यात सारखाच रडणारा नळ. मग आमच्या मजल्यावरच्या आजींनी माळ्यावरची पितळी कळशी काढली. साधारण दहा लिटरची, म्हणजे पाण्याचंच वजन दहा किलो, वर कळशीचं वेगळं. म्हणाल्या खालच्या टाकीवरून तिसऱ्या मजल्यावर आणा बघू न सांडता. आठवीतले दोन दांडगे पहिल्या मजल्यावरच ओले होऊन बसले. आजी म्हणे मी लग्न होऊन आले तेव्हा पहाटे चारला असल्या सहा खेपा करायचे. पोस्टरांकडे नंतर कोणी बघितलं नाही, जिन्यात मात्र रांग लागली होती आणि सेक्रेटरी पाणी वाया जातंय म्हणून ओरडत होते. जलदिनाला!

भटकभवानी
पाणचक्की, छ. संभाजीनगर. माहेर तिथलंच, त्यामुळे शाळेच्या सहलीतून इतकी बघितली की किंमत नव्हती. दूरच्या डोंगरातून खापराच्या नळांनी पाणी आणलंय, ते वरून जोरात चक्राच्या पात्यांवर पडतं आणि त्यावरचं दगडी जातं फिरतं, धान्य दळलं जायचं ते दर्ग्यात उतरणाऱ्यांसाठी. शहराला नहर (जमिनीखालून पाणी आणणारी वाट) दिली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने, ती या पाणचक्कीच्याही आधीची सतराव्या शतकातली गोष्ट, हे मला चाळिशीत कळलं. मुलांना नेलं त्या दिवशी पाणी अगदी कमी, चक्र ढिम्म. मुलगा म्हणाला लाइट गेली का?

सातारी
पोरांना घेऊन लिंबला जा, साताऱ्यापासून जवळ, बारामोटेची विहीर. वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतली, नाव बारामोटेची पण मोटा (बैलांनी ओढून पाणी काढायच्या चामडी पिशव्या) पंधरा चालायच्या. आठ कोनी, आत उतरायला जिना आणि मधल्या भागात चक्क महाल. माझे आजोबा स्वतः मोट हाकलेले (लिंबला नाही, आमच्या मळ्यात). त्यांना घेऊन गेलो होतो, वय 84, गुडघे गेलेले, तरी वरच्या दगडावर नाड्याने, म्हणजे मोटेच्या जाड दोराने, पडलेल्या घळी दिसल्या तसे खाली बसून बोट फिरवत राहिले. मग सुरू. बैल धावेवरून (त्यांच्या उतरत्या वाटेवरून) मागे कसे यायचे, मोट बुडाली की आवाज कसा बदलायचा, सोंदूर (सोंडेची दोरी) सैल सोडला की मोटेची सोंड थारोळ्यात, म्हणजे वरच्या दगडी कुंडात, कशी रिकामी व्हायची. माझी मुलगी म्हणाली पण बैलाला उलटं चालायला कुणी शिकवलं? आजोबा म्हणाले, "म्हातारा बैल शिकवतो तरण्याला, शेजारी जुंपायचा." हे मलाही माहीत नव्हतं. एक सूचना, पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या, लहानांचा हात सोडू नका.

डॉ. टवाळ
ओलीचिंब, तिथेच आहात तर सोहोत ब्रॉडविक स्ट्रीटचा पंप दाखवा मुलाला. 1854 च्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी फिरून रोग कुठल्या पाण्यातून पसरतोय याचा माग काढला आणि पंपाचा दांडा काढायला लावला. तिथे आता नक्कल ठेवलीय, बिनदांड्याची. मुलांना आवडलेला भाग: जवळच्या दारूभट्टीतले कामगार बियरच प्यायचे म्हणून वाचले. हे शाळेत सांगायचं नाही असं मी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन.

ओलीचिंब
सगळ्यांना थँक्यू. डिसेंबरात भारतात येतोय, लिंब पक्कं. सातारी, दगडावरच्या त्या घळी नेमक्या कुठल्या बाजूला?

सातारी
वर गेलात की जिथे मोटा लावायच्या तिथेच. शोधायला लागत नाहीत, बोटं आपोआप जातात.